खंडाळ्यावर अकरा फेऱ्या

साळूबाईनं मेथीची जुडी उचलून विचारलं, "ही बी घालू का?" आणि नागसेन म्हणाला, "व्हय."

झालं ते एवढंच. जानेवारीतला सोमवार, सकाळचे साडेदहा, कराडची मंडई. पण तो शब्द मागून कुणीतरी उच्चारावा तसा त्याला ऐकू आला, आणि त्यानं खरोखरच मान वळवून मागं पाहिलं. मागं वांग्यांच्या ढिगाशिवाय कुणी नव्हतं. साळूबाईनं जुडी पिशवीत घातली, वर कोथिंबिरीच्या दोन काड्या घातल्या, आणि सारजन आज असं काय बघाय लागलंय म्हणून विचारलं. तिच्याकडून गेली सहा वर्षं तो भाजी घेत होता. आपण मघाशी काय म्हटलं, असं त्यानंच तिला विचारलं. साळूबाई म्हणाली, व्हय म्हनला की, रोजच म्हनता. रोजच? साधारण पंचवीस वर्षांपूर्वी आपण हा शब्द जिभेवरून हद्दपार केला अशी त्याची पक्की समजूत होती. आणि तो पठ्ठ्या रोज सकाळी मंडईत येऊन मेथी घेत होता. पण हे दुःख फार तर दोन सेकंद टिकलं, कारण त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली आणि तो पिशवी हातात धरून गर्दीत जागीच उभा राहिला. गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, मुंबईच्या फोनवर, त्या मुलीनं विचारलं तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

नागसेन हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेला माणूस. पंधरा वर्षं नोकरी, सगळी जमिनीवर, कंट्रोल टॉवरच्या खालच्या मजल्यावर. आता तो साखर कारखान्याच्या सहा आसनी विमानाचं कागदपत्र पाहत होता. कराडजवळच्या धावपट्टीवर कारखान्यानं त्याला एक खोली दिली होती. तीत एक टेबल, एक भिंतभर नकाशा आणि एक फोन. बाहेर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, आणि धावपट्टीवर चरायला येणाऱ्या म्हशी. विमान जाणार असेल त्या दिवशी म्हशी हाकलायच्या आणि मुंबईच्या विमानतळाला फोन करून उड्डाणाचा आराखडा लिहून द्यायचा, ही त्याची दोन मुख्य कामं. म्हशींचं काम सोपं होतं. आराखड्यात मात्र एक चौकोन असा होता की त्यात फक्त एक अक्षर लिहायचं. विमान दोन तऱ्हांनी जातं, डोळ्यांनी पाहत किंवा काट्यांवर, म्हणजे समोरच्या यंत्रांवर विसंबून. कराडच्या पट्टीवर ना टॉवर ना रेडिओ, तेव्हा इथून वर चढायचं ते डोळ्यांनीच. मुंबईच्या आभाळात तर दर दोन मिनिटाला मोठं विमान. तिथं डोळ्यांनी येतो म्हणणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही, तिथं काट्यांवरच शिरावं लागतं. म्हणजे आधी डोळे, मग काटे. याला अक्षर झेड. आधी काटे आणि मग डोळे असेल तर वाय. टेलिफोनवर अक्षरांची गल्लत होऊ नये म्हणून साऱ्या जगानं त्यांना नावं दिलेली आहेत. झेडला म्हणायचं झुलू आणि वायला यांकी. सहा वर्षांत नागसेननं शेकडो आराखडे दिले, आणि प्रत्येकात झुलू. यांकी द्यायची वेळ कराडच्या माणसावर येणंच शक्य नव्हतं.

गुरुवारी ती आली. विमान उडालं, वैमानिक राजवर्धननं वर गेल्यावर नेहमीप्रमाणे मुंबईला हाक मारली, आणि मुंबई म्हणाली की तुमच्या कागदावर वाय आहे, इथं धुरकं दाटलंय, डोळ्यांनी येता येणार नाही, नवा कागद होईपर्यंत आहात तिथंच थांबा. आहात तिथं म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या डोक्यावर. विमानाला थांबता येत नाही, त्यानं घिरट्या घालायच्या असतात. एक फेरी चार मिनिटांची. राजवर्धननं अकरा घातल्या आणि इंधन पाहून विमान परत आणलं. आत कारखान्याचे चेअरमन तात्याबा होते. मुंबईत त्यांची कसलीशी बैठक होती आणि तीत त्यांना उपाध्यक्षाची खुर्ची मिळायची होती. ती ते खंडाळ्यावर फिरत असताना शेजारच्या तालुक्याच्या चेअरमनला मिळाली. इकडे खंडाळ्यात लोकांनी फेऱ्या मोजल्या. तात्याबा दुसऱ्या कारखान्याला जागा बघताहेत असं दुपारपर्यंत ठरलं, आणि शुक्रवारी तिथल्या सरपंचाचा हार घेऊन माणूस आला. तात्याबांनी तो हार ज्या नजरेनं पाहिला ती नजर नागसेनला अजून आठवत होती.

चूक कुणाची, हा प्रश्न तेव्हा नव्हताच. नागसेनच्या कागदाच्या कार्बन कॉपीवर झेड होता, चांगला ठळक, मध्ये आडवी रेघ मारलेला. म्हणजे चूक मुंबईची. शनिवारी तिथल्या वरिष्ठांचा फोन आला तेव्हा त्यानं छाती पुढं काढून इंग्रजीत सांगितलं की मी झुलू म्हणालो सर. वरिष्ठ म्हणाले, फोनवरचं बोलणं नोंदवणारी टेप त्या दिवशी अडकली होती, त्यामुळं पुरावा काही नाही. मुलगी नवीन आहे, पूजा नाव, अजून कायम झालेली नाही. ती म्हणते मी यांकी ना असं उलट विचारून घेतलं नाही ही माझी चूक, पण वाय मात्र स्वच्छ ऐकला. तिचा खुलासा सोमवारी पाचपर्यंत यायचाय. तुमच्या बाजूनं लेखी आलं की तिला त्या खुर्चीवरून उठवावं लागेल. नागसेनला तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं, पण दुसऱ्याच्या चुकीबद्दल वाटतं तेवढंच. आणि आज चारला कारखान्याच्या ऑफिसात जाऊन त्यानं त्या लेखी कागदावर सही करायची होती.

मंडईतून तो घरी निघाला. त्याचे गावातले रस्तेही आखलेले असत. ही त्याची खोड होती आणि तिच्यावरून घरात त्याची चेष्टा होई. सरळ रस्त्यानं गेलं तर शिंप्याच्या दुकानापाशी धोंडुबाई भेटे. ती बायकोची मावशी, आणि विमानात बसलास का रं कवा, हा प्रश्न ती सहा वर्षं न चुकता विचारी. तो कधीच बसला नव्हता. म्हणून चावडीच्या मागून वळसा, तिथं रिक्षा दाटल्या असतील तर चहाच्या टपरीवर पाच मिनिटं थांबणं, मग नदीच्या अंगानं घर. कुणाला धक्का नाही, कुणाची हाक नाही. आज त्यानं यातलं काहीच केलं नाही. तो सरळ धोंडुबाईच्या तावडीत सापडला, तिनं प्रश्न विचारला, आणि तो "न्हाई मावशी" म्हणाला आणि पुन्हा दचकला. म्हणजे नुसता व्हय नव्हता, सगळं बिऱ्हाडच आत राहत होतं. भाड्याची पावती नाही, काही नाही, पंचवीस वर्षं सुखानं राहिलेलं.

ते बिऱ्हाड बाहेर काढायचा पहिला हुकूम वडिलांचा होता. धोंडिराम रेल्वेत गँगमन होते. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर त्यांनी घरातले देव्हारे उचलले, पाटीवर पेन्सिल आणली, आणि नागसेनला रोज संध्याकाळी जुनं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावलं. शाळेत एक मास्तर होते. ते मुलाला उभं करून एक वाक्य बोलायला लावायचे आणि मग तो कुठल्या आळीतला ते सांगायचे. सांगून हसायचे. नागसेननं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा धोंडिराम बराच वेळ रुळावरच्या हातोड्याचा दांडा चाचपत बसले, आणि म्हणाले, "तोंडातनं घर दिसता कामा न्हाई." हे वाक्य ज्या बोलीत म्हटलं गेलं तिच्याबद्दलच ते होतं, हे त्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. नागसेन 'हो' म्हणायला शिकला. पहिले सहा महिने प्रत्येक हो म्हणण्याआधी तो थबकायचा, त्यामुळं तो मंद आहे असं शाळेत पसरलं. आई बाळाबाई मात्र दिवसातून दोनशे वेळा व्हय म्हणायची, आजही म्हणते, आणि बायको आम्रपाली, जी सांगलीची आणि शाळेत शिकवते, ती लेकीला, पिंकीला, दटावते, की हो म्हण, आजीसारखं नको.

मग हवाई दल. मद्रासजवळच्या तळावर पहिल्या आठवड्यात त्यांना अल्फा, ब्राव्हो, चार्ली शिकवलं, आणि नागसेनला ती बाराखडी इतकी आवडली की तो रात्रपाळीला झोपेत म्हणायचा. ती कुणाच्याच घरची नव्हती. पंजाबी, मल्याळी, बंगाली, सगळ्यांना ती सारखीच परकी. अल्फा म्हणणाऱ्याची आळी जगातल्या कुठल्याही मास्तराला ओळखता आली नसती. वीस वर्षांचा तो पोरगा त्या सव्वीस शब्दांत जाऊन राहिला आणि तिथं त्याला फार बरं वाटलं. पुढं पिंकी झाल्यावर त्यानं तिला अ आ च्या आधी हेच शिकवलं, आणि ती बालवाडीत आपलं नाव पापा इंडिया नोव्हेंबर किलो इंडिया असं सांगू लागली तेव्हा बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली.

आणि अशा माणसानं गुरुवारी काय करावं? त्यानं ती सकाळ पुन्हा कानाशी धरली. लाइन खरखरत होती. विमानाचं नाव, वेळ, उंची, सगळं इंग्रजीत चाललं होतं. पलीकडचा आवाज नवा, थोडा घाबरलेला. शेवटी त्या आवाजानं एकदम हळू, घरातल्यासारखं, मराठीत विचारलं, "झुलू ना?" सहा वर्षांत त्या लाइनवर मराठी कुणी बोललं नव्हतं. थंडी होती, खोलीत दिवा पिवळा होता, चुलत बहिणीनं ताटावर बसल्यावर अजून वाढू ना म्हणावं तसा तो आवाज होता. आणि नागसेनची जीभ, जिला हाड नसतं असं सगळेच म्हणतात, ती पंचवीस वर्षं ओलांडून उठली आणि म्हणाली, व्हय. पलीकडे त्या मुलीनं ऐकलं, वाय. तिला वाटलं, हा अनुभवी माणूस मला दुरुस्त करतोय. तिनं झेड खोडला असेल. कदाचित वर सॉरी सुद्धा म्हणाली असेल.

घरी त्यानं पिशवी ठेवली आणि जेवला नाही. खरं तर प्रश्न सोपा होता. टेप नाही, साक्षीदार नाही. सही केली की संपलं. नाही केली तर सांगावं लागणार, काय सांगावं लागणार? की पंधरा वर्षांचा सार्जंट, ज्याचा झेडसुद्धा आडव्या रेघेचा, तो ऐन वेळी व्हय म्हणाला. हे वाक्य कारखान्यात पोचलं की संध्याकाळपर्यंत उसाच्या गव्हाणीवरची पोरं त्याला व्हयसाहेब म्हणतील. आणि त्यांचं काय जातंय? ती सगळी व्हयच म्हणतात. तात्याबा तर सभेत माइकवर व्हय म्हणतात आणि लोक टाळ्या वाजवतात, की बघा, एवढा मोठा माणूस पण मातीला धरून आहे. तोच शब्द नागसेनच्या तोंडून आला की माती निराळी व्हायची. याचा त्याला राग आला, इतका की त्यानं एकट्यानंच भिंतीकडे बघून मान हलवली. मग त्याला ती मुलगी आठवली. तिनं काय चूक केली? कुणीतरी आपलं वाटून तिनं दोन शब्द मराठीत विचारले. तिच्या घरीही कुणीतरी तिला जुनी वर्तमानपत्रं वाचायला लावली असतील, कोण जाणे. ती उठवली जाईल आणि जन्मभर समजत राहील की आपले कान खराब आहेत.

चारला तो ऑफिसात गेला. टायपिस्ट अर्जुनानं कागद टेबलावर मांडून ठेवला होता, इंग्रजीत, खाली नागसेनचं नाव आणि फुली मारलेली सहीची जागा. तात्याबा खुर्चीत मागं रेलून होते आणि राजवर्धन खिडकीपाशी उभा होता. राजवर्धन विट्याचा, बापानं, नाथाजीनं, कोइमतूरला सोनं गाळण्याच्या भट्टीपुढं बसून त्याला वैमानिक केलेलं. त्यामुळं तो इंग्रजी तमिळ चालीवर आणि मराठी विट्याच्या चालीवर बोलायचा आणि त्याला कशाचीच लाज नव्हती. नागसेनला त्याचा नेहमी हेवा वाटे. नागसेननं पेन घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं, आणि म्हणाला की साहेब, मला सही करता येणार नाही, चूक माझीच आहे. मग त्यानं सगळं सांगितलं, झुलू ना पासून. सांगताना कान तापत होते. तो शब्द उच्चारायची वेळ आली तेव्हा त्यानं तो अगदी हळू उच्चारला.

तात्याबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"व्हय?" ते म्हणाले.

"व्हय," नागसेन म्हणाला.

"मग त्यात चूक काय हाय रं? ती म्हनली झुलू का, तू म्हनलास व्हय. बरूबर हाय की."

नागसेन समजावू लागला, की तिकडे तसं ऐकू जात नाही. पण तात्याबांच्या डोळ्यांत आता वेगळंच तेज चढलं होतं. उपाध्यक्षाची खुर्ची गेल्यापासून त्यांना राग काढायला नीटशी जागा सापडली नव्हती, ती आत्ता सापडली. मुंबईत बसून, मराठी म्हणवून घेऊन, व्हय कळत नाही? आपल्या भाषेचा हा अपमान? त्यांनी अर्जुनाला कागद बदलायला सांगितला. आता नुसती तक्रार नाही, वर्तमानपत्रात द्यायचं, विधानसभेत प्रश्न टाकायचा. नागसेनच्या खांद्यावर त्यांनी जड हात ठेवला आणि म्हणाले, लेका, तू आपल्या मातीची लाज राखलीस. राजवर्धन खिडकीतून बाहेर बघत हसू दाबत होता. अर्जुनानं नवा कागद घातला सुद्धा.

आता गंमत पाहा. ज्या शब्दापायी नागसेन जन्मभर आवळून चावून बोलला, त्याच्यावर चेअरमन हार घालायला निघाले होते. आयुष्यात प्रथमच कुणी त्याला आपल्या मातीचा म्हटलं होतं. हे ऐकायला वडील हवे होते, असं त्याला क्षणभर वाटलं, आणि डोळे भरून आले. फक्त एकदा मान हलवायची. खुर्चीवरून उठणार होती ती मुलगी आता वर्तमानपत्रात नावासकट येणार होती, एवढंच. भिंतीवरच्या घड्याळात चार पस्तीस झाले होते.

"न्हाई," नागसेन म्हणाला.

तात्याबांना आधी तो शब्द नीट ओळखता आला नाही. बऱ्याच दिवसांत त्यांना कुणी तो म्हटला नव्हता.

"न्हाई साहेब. त्या लाइनवर व्हय चालत न्हाई. हो सुदा चालत न्हाई. तिथं झुलूला झुलूच म्हनायचं असतंय, मी म्हनलो न्हाई. पोरीची चूक न्हाई. लिवायचं तर माझं नाव लिवा." हे सगळं त्याच्या तोंडून त्याच बोलीत आलं, आणि या वेळी तो दचकला नाही, कारण तेवढी सवड नव्हती.

तात्याबांनी हात खांद्यावरून काढला. मग त्यांनी टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मग हितनंच सांग त्यास्नी. आनि उद्यापासनं महिनाभर घरी बस. इमानाचं मी बगतो." कोण बघणार होतं कुणास ठाऊक, झेड कशाशी खातात हे त्या इमारतीत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. पण हुकूम तो हुकूम.

एसटीडी चौथ्या खेपेला लागली. तोच आवाज आला, या वेळी कडक इंग्रजीत, एकेक शब्द तोलून. नागसेननं नाव सांगितलं तसा तो आवाज आणखी कडक झाला. त्यानं मराठीत सांगितलं की मला माझा जबाब द्यायचाय, गुरुवारचा. ती म्हणाली, थांबा, साहेबांना दुसऱ्या फोनवर घेते, आणि मग कागद ओढल्याचा आवाज आला. तिनं विचारलं की तुम्ही तेव्हा नक्की काय म्हणालात.

"व्हय."

"वाय?"

"नाही. व्हय."

"तेच ना, वाय."

"वाय नाही. व्हय. म्हणजे हो."

"हो, वाय?"

राजवर्धननं खिडकीच्या गजावर डोकं टेकलं. तात्याबा सुद्धा खुर्चीत पुढं सरकले. नागसेननं कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला की बाई, आमच्या गावाकडं हो ला तसंच म्हणतात, तुम्ही झुलू विचारलंत, मी आमच्या भाषेत हो म्हणालो, तुम्हाला वाय ऐकू आलं, कुणालाही आलं असतं, चूक माझी. मग दुसऱ्या फोनवरचे साहेब घसा खाकरून म्हणाले की हे नोंदवून घ्या. जबाब इंग्रजीत जायचा होता. त्या मुलीनं, आता जरा कापऱ्या आवाजात, विचारलं, तो शब्द इंग्रजीत कसा लिहू, अक्षरं सांगता का?

इथं नागसेनला एकदम हलकं वाटलं. हे त्याचं काम होतं. तो ताठ बसला आणि एकेक अक्षर, आजवर कुणालाही सांगितलं नसेल इतक्या स्पष्ट आवाजात सांगू लागला.

"व्हिक्टर," तो म्हणाला. "होटेल. अल्फा." आणि थांबला. पुढचं अक्षर त्याला दिसलं होतं.

"पुढं?" ती म्हणाली.

"यांकी."

पेन थांबलं. खरखर ऐकू येत राहिली. मग ती म्हणाली, "म्हणजे चार आणे तरी मी बरोबर ऐकलं होतं." आणि ती हसू लागली, आधी तोंडावर हात धरून, मग तो काढून. दुसऱ्या फोनवरचे साहेबही हसले असावेत, पण नागसेनला ते नीट ऐकू आलं नाही, कारण तोपर्यंत तो स्वतःच हसत होता.